व्हय नाही, हो

बद्रीनाथमामा हरभऱ्याचा टहाळ काखोटीला मारून आत आले आणि चपला काढता काढता थबकले. हॉलच्या कोपऱ्यातून कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "नमस्कार. या, बसा."

"हेच का तुमचं पाखरू?" मामांनी विचारलं.

विश्वजीतची कळी खुलली. आफ्रिकेतला करडा पोपट, शेपटी तेवढी लालभडक, नाव नवाब. दोन वर्षं त्याने नवाबाची शिकवणी घेतली होती. शब्द नीट आला की एक पिस्ता आणि "शाबास". नवाबाचे व्हिडिओ वाळूजच्या त्याच्या अख्ख्या कंपनीत फिरायचे. पोपट असून किती शुद्ध बोलतो, म्हणून साहेबलोक कौतुक करायचे.

"साधा पोपट नाही हा, मामा. ज्याचं ऐकेल त्याचा हुबेहूब आवाज काढतो. कुठं काय बोलायचं तेही त्याला कळतं."

"मग लई हुशार हाय," मामा म्हणाले, पण त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. "आक्का कुठंय?"

विश्वजीतची आई द्वारकाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. भावाकडे बघून हसल्या, टहाळ त्याच्या हातातून घेतला आणि खाली फरशीवर बसून घाटे सोलायला लागल्या. बोलल्या मात्र काहीच नाहीत.

"मी सहज नाय आलो, भाचेबुवा." मामा सोफ्याच्या कडेवर टेकले. "दिवाळीपून बघतोय. फोन केला की आक्का नुसती हूं हूं करती. पहिलं मला फोन ठिवू द्यायची नाय. घरचे म्हणले, एकदा बघून या. तिला हितं करमत नसंल तर सरळ बिडकीनला घिऊन या."

विश्वजीत सावरून बसला. आईला तिचा भाऊ येऊन घेऊन गेला, ही गोष्ट दोन दिवसांत सगळ्या पाहुण्यारावळ्यांत झाली असती. आणि खरं सांगायचं तर आईशिवायचं घर त्याला नको होतं. संध्याकाळी दार तिनेच उघडायला हवं होतं.

"तसं काही नाही, मामा. तिला इथं काही कमी नाही. तुम्ही तिलाच विचारा."

मामा बहिणीकडे वळले. "आक्का, बरी हायेस ना?"

"व्हय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"आई, व्हय नाही, हो."

मामांनी चमकून भाच्याकडे पाहिलं. आवाज विश्वजीतचाच होता, पण त्याचे ओठ मिटलेले होते. मग त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "आरं, हे तर तुझीच नक्कल..."

"तू आत जा बघू," नवाब त्याच आवाजात, त्याच घाईत पुढे म्हणाला. "पोपट बिघडेल."

मामांचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"नमस्कार" शिकवायला विश्वजीतला दीड महिना लागला होता, रोज वीस-वीस वेळा म्हणून. हे त्याने कधीच शिकवलं नव्हतं. आईची बोली पोपटाला चिकटेल, याची त्याला धास्ती होती. आईचा एकही शब्द नवाबाने उचलला नव्हता. हे उचललं होतं, जिथल्या तिथे. विश्वजीतला लाज वाटली, कानशिलं तापवणारी. तो स्वतः दहावीपर्यंत व्हयच म्हणत होता. ते त्याला कुणी शिकवलं होतं, ती फरशीवर बसून घाटे सोलत होती.

"टीव्हीचं ऐकून बडबडतंय ते," द्वारकाबाई म्हणाल्या. अगदी हळू, पिंजऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने. त्यांची बोटं मात्र थांबली होती.

आई आपल्यासाठी खोटं बोलली, तेही कुजबुजत, याने त्याची मान आणखीच खाली गेली. तो उठला. दोरीवरचा टॉवेल ओढून त्याने पिंजऱ्यावर टाकला, चारी बाजूंनी नीट खाली ओढला, आणि तसाच तिथे उभा राहिला. मागे वळून मामांकडे बघायची त्याची छाती होईना.

"आई, तू बोल," तो टॉवेलकडे बघतच म्हणाला. "तुला पाहिजे तसं बोल. आजपासून कुणी काही म्हणणार नाही."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मामांनी गुडघ्यावर हात टेकून अंग पुढे घेतलं.

"आक्का, येतीस का माझ्यासंगं?"

विश्वजीत वळला. द्वारकाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला सोसवला असता. राग नव्हता. लहानपणी तो पडल्यावर कुठे लागलं ते बघायची, तशी ती बघत होती. त्याला वाटलं, आता ती नाय म्हणेल. एकदा नाय म्हणू दे, जन्मभर ऐकत बसेन.

त्यांनी मांडीवरची टरफलं पदरात गोळा केली. सोललेल्या हरभऱ्यांची वाटी लेकाकडे सरकवली. मग झाकलेल्या पिंजऱ्याकडे सवयीने एकदा पाहिलं, घसा साफ केला आणि जपून, अगदी नीट म्हणाल्या, "हो."

टॉवेलखालून विश्वजीतच्या आवाजात आलं, "शाबास."