वळसा

“यावरून गाडी गेल्यासारखी वाटतच नाही,” मॅडम फोनवर म्हणाल्या. “माती छान आहे. रस्ता खोटा आहे. चार वाजेपर्यंत बघ काय होतंय. नाहीतर मी दुसऱ्या कुणाकडून करून घेते.”

दुसऱ्या कुणाकडून म्हणजे काय, ते तिला कळलं. तिची तीन महिन्यांची उमेदवारी आज संपत होती. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे या रस्त्यावर ठरणार होतं.

ट्रक चालवायचा गेम होता. त्यातला कच्चा रस्ता तिच्या वाट्याला आला होता. त्यासाठी ती मुद्दाम वडील पूर्वी कामाला असलेल्या दगडखाणीवर गेली. गाड्या तोलायच्या वजनकाट्याच्या अलीकडे शिडी लावली, कॅमेरा सरळ खाली धरला आणि चाकोऱ्यांचे फोटो काढले. घरी येऊन ते जोडून एक लांब तुकडा केला. असा एकच तुकडा पुढे पुढे लावत गेलं की गेममध्ये मैलभर रस्ता होतो. कडा अशा जुळवायच्या की सांधा दिसू नये. आणि तुकड्यात डोळ्यांत भरेल असं काही ठेवायचं नाही. एखादा पांढरा दगड राहून गेला तर तोच दगड दर वीस पावलांवर पुन्हा येतो आणि पितळ उघडं पडतं.

तिच्या तुकड्यात पांढरा दगड नव्हता. पण एका जागी दोन्ही चाकोऱ्या डावीकडे झुकून दोनेक हात बाजूला जात होत्या आणि पुन्हा सरळ होत होत्या. ज्या जागेला त्या वळसा घालत होत्या तिथे काहीच नव्हतं. नुसती पिठासारखी मऊ माती. आजूबाजूची माती उचलून वर छापणारं एक टूल असतं. ते घेऊन ती दोन दिवस खपली आणि तो वळसा बुजवून टाकला. चाकोऱ्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ झाल्या.

आता तिने त्यात भेगा टाकल्या. मग ओल टाकली. मग ओल काढून रंग जरा तांबूस केला. रस्ता होता तसाच खोटा राहिला.

वडील मागे खुर्चीत बसून लसूण सोलत होते. त्या खाणीवर त्यांनी तीस वर्षं डंपर चालवला होता. गुडघे गेले तसे ते घरी बसले.

“माती करायला पगार देतात, हे आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही,” ते म्हणाले. “आम्ही फुकटात केली.”

“बाबा, आत्ता नको हं.”

ते उठले. चष्मा चढवून पडद्याजवळ वाकले. “हा आपला रस्ता?”

“हो.”

“काट्याच्या अलीकडचा?”

“हो, तोच.”

“मग वळसा कुठंय?”

“काढला. सारखा सारखा तोच दिसत होता.”

“आणि म्हणे रस्ता.” ते परत खुर्चीत बसले. “डंपर काय रुळावरून चालतो होय?”

तिने घड्याळात पाहिलं. पावणेतीन. उत्तर द्यायला वेळ नव्हता. तिने जुनी फाइल उघडली. वळशाचा तुकडा वेगळा काढला, त्याच्या कडा सरळ तुकड्याशी जुळवल्या आणि मैलभर रस्त्यात तो एकदाच बसवला. मग सरळ चाकोऱ्याही जागोजागी थोड्या सैल केल्या. साडेतीनला फाइल पाठवून दिली.

दहा मिनिटांत फोन वाजला.

“आता गाडी गेली,” मॅडम म्हणाल्या. “सोमवारी ये, कागद करून टाकू. फक्त एक कर. त्या वळशात एखादा मोठा दगड ठेव. नाहीतर गाड्या कशाला वळतात ते खेळणाऱ्याला कळायचं नाही.”

“ठेवते,” ती म्हणाली.

तिने एक दगड निवडून मऊ मातीवर आणून ठेवला. सावली दिली. मग खुर्ची मागे फिरवली.

“बाबा, तिथे खरंच दगड होता का?”

“खाणीत दगडाला कोण वळसा घालतंय?” वडील हसले. “असता तर फोडून विकला असता.”

“मग खड्डा?”

“खड्ड्यात मुरूम टाकतात.”

“मग गाड्या वळतात कशाला?”

“आताच्या गाड्या पुढच्याच्या चाकोरीतून जातात, म्हणून वळतात. त्या पोरांना काय ठाऊक.” त्यांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली. “तुझी आई काट्यावर वजनं लिहायची. तिच्या पायाशी तुला पोतं अंथरून दिलं होतं. पण तुला तिथली माती आवडायची. पाठ फिरली की रस्त्यात जाऊन बसायचीस, बोटाने रेघोट्या मारत. दहादा उचलून आणली. शेवटी मुकादमच म्हणाला, पोरीला राहू द्या, गाड्या बाजूने घ्या.”

ती पडद्याकडे वळली. दगड पुसून टाकला. मॅडमना काय सांगायचं ते सोमवारी बघता येणार होतं.

“मी शाळेत जायला लागल्यावर तरी सरळ जायला लागलात ना?” तिने पाठमोरीच विचारलं.

“कसलं,” वडील म्हणाले. “रिटायर होईपर्यंत हात वळायचाच.”