सावलीच्या पायऱ्या

"पुढच्या चौकात आपली," आर्किटेक्टसाहेब बायकोच्या कानाशी पुटपुटले.

"मागच्या चौकातही हेच म्हणालात," बायको म्हणाली. तिचे घोटे दुखत होते.

शहरातल्या आगळ्यावेगळ्या इमारती पायी हिंडून दाखवायची ती फेरी. गाइडबाई वयाने लहान, पण भारी हुशार. उलट्या होडीसारख्या छपराची मंडई असो, की झाड मधोमध ठेवून बांधलेलं टपाल ऑफिस. कोणी, कधी, कुठल्या हट्टापायी बांधलं ते तिला तोंडपाठ. साहेबांना त्यात काडीचा रस नव्हता. रिटायर झाल्यावर त्यांनी हे तिकीट काढलं ते एवढ्यासाठीच, की आपण बांधलेली नोंदणी कचेरी ती दाखवते का. आणि ढापण्याचं वाचनालय किती वेळ दाखवते.

ढापण्या म्हणजे कॉलेजातला त्यांचा जोडीदार. गड्याला एक सरळ रेघ धड ओढता यायची नाही. साहेबांचा आखणीचा टी-स्क्वेअर उसना न्यायचा, तोही परत करायचा नाही. त्याच ढापण्याच्या वाचनालयाचे फोटो आता कुठे कुठे छापून यायचे, आणि दर फोटोला साहेबांच्या पोटात दुखायचं.

चौक आला. गाइडबाई डावीकडे वळली आणि थेट नोंदणी कचेरीच्या पायऱ्या चढू लागली.

साहेबांनी कॉलर नीट केली, बायकोचा दंड धरला. "बघ. म्हणत नव्हतो?"

वीसेक माणसं पायऱ्यांवर जमली. "आता सगळे मागे वळा," गाइडबाई म्हणाली.

वीस पाठी कचेरीकडे झाल्या. रस्त्यापलीकडे ढापण्याचं वाचनालय उभं होतं. मोसंबीची साल सोलत जावी तसा त्याचा जिना बाहेरून गोल गोल वर गेलेला, आणि वळणावळणावर माणसं वाचत बसलेली.

"अख्ख्या इमारतीत एकही सरळ रेघ नाही, मंडळी."

"येत असती तर ओढली असती," साहेब दातओठ खात म्हणाले. कोणी ऐकलं नाही. गाइडबाई पंधरा मिनिटं बोलली. साहेबांनी घड्याळ लावून मोजली.

"आणि ही मागची कोणाची?" एका आजींनी विचारलं.

गाइडबाईने मान वळवली. सकाळपासून पहिल्यांदाच ती अडली. "ही होय. नाव काही सापडत नाही कुठे. पण मी सगळ्यांना इथेच आणते. भरदुपारीसुद्धा ऊन लागत नाही, आणि पायऱ्या कशा ऐसपैस आहेत. बसा ना, इथून वाचनालय निवांत बघता येतं."

त्या पायऱ्यांसाठी साहेब तीन महिने भांडले होते. कागदासाठी ताटकळणाऱ्या माणसाला टेकायला जागा हवी, डोक्यावर सावली हवी. वरचे लोक म्हणाले होते, कशाला ही चैन.

बायको पुढे सरसावली. "अगं, ह्यांनीच तर..."

साहेबांनी तिचा हात दाबला. सांगणार काय? ढापण्याची इमारत बघायला लोकांना बैठक मी करून दिली?

सगळे बसले. बायकोने चपला काढल्या, घोटे चोळले. "टेका हो तुम्हीपण," ती म्हणाली. "छान गार आहे."

साहेब टेकले. समोर ढापण्याचा जिना उन्हात झळकत होता. लेकाचा इथून फारच सुंदर दिसत होता.