कुरळ्या मिश्या

कंपनीच्या माणसाने मासळीबाजारात येऊन कुंदाच्या टोपलीतलं पिल्लू उचललं, तेव्हा तिच्या हातात कोयता होता आणि डोकं आधीच तापलेलं होतं.

“कुरळं मांजर म्हणजे कंपनीचं,” तो म्हणाला. “तो केस आम्ही प्रयोगशाळेत घडवलाय. चोरीचा माल आहे हा.”

“चोरीचा? आमच्या जाळ्यांच्या ढिगात जन्मलंय ते. आई ती बघा, सरळ केसांची, तुमच्या बुटाशी झोपलीय.”

“असं आपोआप होत नसतं.”

“तुमच्या टोपीवर कंपनीच्या मांजराचं चित्र आहे, त्याच्या मिश्या बघा, काडीसारख्या सरळ. याच्या मिश्यासुद्धा कुरळ्या. चोरायचंच होतं तर धड नसतं का चोरलं?”

शेजारची गंगूमावशी खो-खो हसली. त्याने चिडून पिल्लाला जनुक तपासायचं यंत्र लावलं. हे जनुक कंपनीचं नाही, नवीनच आहे, असं यंत्राने सांगितलं.

त्याचा चेहरा एकदम गोड झाला. “मग आजच कंपनीच्या नावावर नोंदवतो. एकुलतं एक असलं, दुसऱ्या कुणाकडे तसलं नसलं, की नोंद लगेच होते.”

कुंदाने पिल्लू हिसकावून घेतलं.

“पाच होती. आमच्यात मांजर विकत नाहीत, मूठभर सुकटीच्या बदल्यात देतात. उंदीर जाळी कुरतडतात ना, म्हणून प्रत्येक होडीला मांजर लागतं. चार पिल्लं चार होड्यांतून चार बंदरांना गेली. सगळी कुरळी.”

“कुठली बंदरं?”

“शोधा!” तिने पाचवं पिल्लू गंगूमावशीच्या टोपलीत टाकलं. “मावशी, सुकट दे गं. आणि कुठं देणारेस, ते मलाही सांगू नकोस.”