हालिनाची बदली

"आत यायच्या आधी हात धुवा," क्षमाने मोठ्या सिस्टरांना दारातच थांबवलं. "साबण तिकडे आहे. नखांच्या खालीसुद्धा."

मोठ्या सिस्टर म्हणजे अँजेलिना. मिशनचे सगळे दवाखाने त्यांच्या हाताखाली होते. देवनारच्या कचरा डेपोमागच्या या दोन खोल्यांत त्या एकाच कामासाठी आल्या होत्या. सिस्टर हालिना इथेच राहणार की डहाणूच्या डोंगरातल्या नव्या केंद्रावर जाणार, हे आज ठरायचं होतं. त्यांनी मुकाट्याने हात धुतले.

हालिना पोलंडची नर्स. आठ वर्षं याच गल्लीत भाड्याच्या खोलीत राहत होती. तिला इथून जायचं नव्हतं, पण तसं म्हणता येत नव्हतं. जिथे पाठवतील तिथे जाईन, असं वचन तिने विशीत, नन होतानाच दिलं होतं. गल्लीने असं कोणतंही वचन दिलेलं नव्हतं.

"तू गप्प बसायचं," गल्लीतल्या प्रेमाने तिला सकाळीच बजावलं होतं. "पोरगी बघायला येतात तेव्हा पोरगी बोलते का? घरचे बोलतात."

बेत साधा होता. हालिनाने गल्लीतल्या बायकांना काय काय शिकवलंय ते सगळं दाखवायचं. मग एवढ्या गुणी बाईला इथून कोण हलवेल?

कचरा वेचताना काचेने पाय कापलेला एक माणूस आला. क्षमाने उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुतली, टॉर्च लावून काच राहिली नाही ना ते पाहिलं, पट्टी बांधली आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याला पालिकेच्या दवाखान्यात पिटाळलं. नलिनीने बाळाचं वजन घेतलं. आधी काटा शून्यावर आणला, मगच बाळ ठेवलं. जुलाब झालेल्या पोराच्या आईला प्रेमाने साखर-मिठाचं पाणी करायला लावलं.

"आधी तू चाख. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून दे, नवीन कर. चमच्या-चमच्याने पाज. ओकला तर थोडं थांब आणि परत पाज. आणि सासूला सांग, अंगावरचं दूध बंद करायचं नाही. ऐकली नाही तर माझ्याकडे पाठव."

हालिना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

"हिला काही विचारत नाही तुम्ही?" अँजेलिनांनी विचारलं.

"गरजच पडत नाही," प्रेमा अभिमानाने म्हणाली. "ती महिनाभर नसली तरी आमचं काही अडत नाही."

अँजेलिनांनी मान डोलावली. जरा जास्तच समाधानाने. नलिनीने प्रेमाचा पदर ओढला आणि कानाशी लागली.

"काकी, वाट लावलीस. पोरगी पसंत पडली की तिला घेऊन जातात ना."

प्रेमाचा चेहरा उतरला. "म्हणजे तसं अडतं," ती घाईने म्हणाली. "खूप अडतं, सिस्टर. परवाच केवढं अडलं होतं. काय गं क्षमा, काय अडलं होतं परवा?"

"परवा?" क्षमाने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "परवा काही नाही."

"हिला नको तेव्हा खरं बोलायची खोड आहे," प्रेमा पुटपुटली.

अँजेलिना गोराईच्या. मासेमारीवर जगणाऱ्या घरात वाढलेल्या. आडून बोलणं त्यांना जमत नसे. त्यांनी चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

"डहाणूला शिकवणारी बाई हवीय. हालिनाने पट्टी बांधली तर तिथल्या बायका म्हणतील, बाहेरची शिकलेली नर्स आहे, तिला येणारच. तुम्ही बांधली तर म्हणतील, मग मलाही येईल." त्या थांबल्या. "हालिना इथेच राहू दे. प्रेमाबाई, सहा महिने तुम्ही याल?"

स्टुलावर बसलेली हालिना उठून उभी राहिली.

"मी?" प्रेमा म्हणाली. "अहो, मी तुमच्यातली नाही. कणकवलीला आमच्या घरी गणपती असतो."

"गणपतीला रजा मिळेल."

"आणि सिद्धेशचा डबा कोण करणार?"

"काकी, तुझा सिद्धेश तीस वर्षांचा घोडा झालाय," नलिनी म्हणाली. "त्याला कुकर लावता येतो. तूच लावू देत नाहीस."

प्रेमाने पदराने कपाळ पुसलं. मग पुन्हा एकदा पुसलं. "जाते," ती म्हणाली.

अँजेलिना गेल्यावर ती हालिनाला बाजूला घेऊन बसली. "तू इथे पहिल्यांदा आलीस तेव्हा घाबरली होतीस?"

"खूप."

"मग मी तिथे सुरुवात कशी करू? साबणापासून की वजनाच्या काट्यापासून?"

हालिनाने विचार केला. "पहिल्या दिवशी काही शिकवू नको. एखाद्या दारात जाऊन उभी राहा आणि प्यायला पाणी माग."

प्रेमा तिच्याकडे बघतच राहिली. आठ वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी, लालबुंद झालेली एक परदेशी बाई तिच्या दारात पाणी मागत उभी होती. प्रेमाने तिला पंख्याखाली बसवलं, लिंबाचं सरबत पाजलं, आणि हे ध्यान एकटं उन्हात कुठेतरी पडेल म्हणून हाताला धरून गल्लीतल्या घराघरांत नेलं. त्या दिवसापासून आजपर्यंत प्रेमाची पक्की समजूत होती की, हिला आपणच सांभाळतोय.

"हालिना, खरं सांग," ती म्हणाली. "तेव्हा तुला तहान लागली होती ना?"

"थोडी," हालिना म्हणाली.