पाण्याच्या आवाजाआड

धबधब्यापाशी पोचताच दादाने कानांवर हात ठेवले आणि चिमणीला हसू फुटलं. पाणी तीन टप्प्यांनी खडकांवरून कोसळत होतं. पायवाटेने वर आलेली माणसं एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडत होती, हातवारे करत होती. चिमणीला फक्त तळपायाखालचा खडक थरथरताना कळत होता. लहानपणीच्या तापात तिचे कान गेले ते गेलेच. कान गेले पण देवाने दादा ठेवला, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

"आता कळलं, मी कशी राहते ते?" ती म्हणाली. दादाला एक शब्द ऐकू आला नाही. ती आणखीच हसली.

दादाने तिला काठच्या सपाट खडकावर बसवलं, खांद्यांवर शाल टाकली आणि वहिनीला घेऊन लाकडी पुलावरून पलीकडे गेला. सहलीचं टुमणं वहिनीचं. चिमणीची बॅगही तिनेच भरली होती. एका दिवसाला एवढे कपडे? वर शिलाईची मोठी कात्री? "धबधबा बेतायचाय का, वहिनी?" चिमणीने सकाळी विचारलं, तेव्हा वहिनी खळखळून हसली. दादा मात्र गाडी पुसायला बाहेर निघून गेला होता.

पलीकडे वहिनी पाठमोरी उभी होती. तुषारांतून दादाचा चेहरा समोर दिसत होता. एवढ्या गदारोळात शेजारच्यालाही काही कळणार नाही, म्हणून तो निर्धास्त होता. वहिनीला ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलत होता, शब्द न् शब्द सुटा करून.

"आत्ता सांगून रडारड नको. जाताना त्या कर्णबधिरांच्या संस्थेच्या दारात गाडी थांबवू. चिमणी आत गेली की बॅग देऊन निघायचं."

वहिनीने काहीतरी विचारलं.

"चारच दिवस राहायचंय म्हणून सांगेन. ती ऐकते माझं. तिची खोली रिकामी झाली की तुझ्या भावाला खुशाल बोलाव."

चिमणीने पाण्यातले पाय वर ओढून घेतले. ते गारठून गेले होते. तिने ते शालीने पुसले, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

खाली गाडीपाशी आले तेव्हा धबधबा बराच मागे राहिला होता. दादाने तिच्यासाठी दार उघडून धरलं. "मजा आली ना, चिमणे?"

ती आत बसली नाही. तिने डिकी उघडून आपली बॅग काढली. "मी बसने पुढे जाते, दादा. आपल्या घरी. माझ्या खोलीत."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने वहिनीकडे जळजळीत नजर टाकली. "कोणी सांगितलं तुला?"

"तूच." चिमणीने बॅग खांद्याला लावली. "माझा ताप उतरल्यावर आरशासमोर बसून ओठ नीट हलवायला शिकलास ना, मला सगळं कळावं म्हणून? ती सवय अजून गेली नाही तुझी."