सहा शेर घाम

पारडं असं वर उडालं, की भागीरथा त्यातून पडता पडता वाचली.

दत्तोपंतांनी पुन्हा वजनं लावली. सकाळपेक्षा सहा शेर कमी!

उमरेडच्या वाटेवर दुष्काळी कामाची खडी फुटत होती आणि नागपुरात रसायन शिकवणारे दत्तोपंत तिथं कापसाच्या काट्यावर मजुरांचा घाम तोलत होते. माणूस सकाळी जोखायचा, संध्याकाळी जोखायचा. मधे प्यालेलं पाणी हिशेबात धरायचं. बाकी घटलं तो घाम. तो वाळायला जेवढी उष्णता लागते तेवढी भाकरीतून यायला हवी. त्यावरून शिधा ठरायचा. पंत मोठे काटेकोर. माणसावर बसलेल्या माशीचं वजनही वजा करत, आणि उडाली की पुन्हा मिळवत. खोटं वाटत असेल तर वाटो.

"सहा शेर?" पंत गुरकावले. "एवढा घाम वाळायला दोन दिवसांच्या भाकऱ्या पुरायच्या नाहीत. सकाळी ओटीत गोटे बांधून बसली होतीस ना?"

"नाही जी."

"मग वजन गेलं कुठं?"

भागीरथेनं मान खाली घातली. "दुपारी मोकळी झाली मी."

पंत पुण्याकडचे, त्यात ब्रह्मचारी. त्यांना वाटलं, बाई काम टाकून झाडाखाली बसली. काम टाकलं की अर्धी हजेरी, अर्धा शिधा. त्यांनी तिच्या नावापुढं 'अर्धी' लिहूनही टाकलं.

पाणी पाजणारी यमुताई हंडा आपटून पुढं आली. "काय लिहून राहिले, पंत? बाई मोकळी कशी होते, ते आपल्या मायले विचारा. तेही एक डाव झाली असन!"

कोणी हसलं नाही. पंतांची पेन्सिल थांबली.

"अगं, पण पोट तर दिसलं नाही."

"दिसलं की कामावरून काढता तुम्ही. लुगड्यानं आवळून ठेवलं होतं तिनं."

पंतांनी भागीरथेकडं पाहिलं. तिच्या हातांत काही नव्हतं. नखांत ओली माती होती.

"मूल कुठाय?" त्यांनी हळूच विचारलं.

भागीरथेला वाटलं, साहेब अजून वेळच मोजून राहिले. ती घाईघाईनं म्हणाली, "पुरायले घंटाभरबी नाही लागला, जी. लगेच खडीवर आली मी. हजेरी पुरी लावा."