मठारलेले पेले

लक्ष्मणरावांनी तांब्याचा पेला उलटा केला, बूड पाहिलं, मग चष्मा कपाळावर सरकवून परत पाहिलं. बुडाला स्टिकर नव्हता. त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला.

"स्टिकर काढून ठेवलाय," ते म्हणाले.

"बाबा, मुळात नसेलच," त्यांची सून नेत्रा म्हणाली.

"नसेल कसा? लपवायचं असतं तेव्हा आधी स्टिकर काढतात."

जहाज जपानमधल्या निइगाताच्या धक्क्यावर चार तास थांबणार होतं आणि त्यातले दोन संपले होते. प्रवाशांसाठी बंदरातच तंबू टाकून गावच्या वस्तू विकायला मांडल्या होत्या. बायकोला आणि वडलांना खाली सोडून मयूरेश परत जहाजावर झोपायला गेला होता. शहाणा माणूस. आधीच्या बंदरात लक्ष्मणरावांनी बाहुली, चहाचा डबा आणि पंखा अशा तिन्ही वस्तू नापास केल्या होत्या. पंख्याच्या दांडीवरचा स्टिकर नखाने उचकटून खालचं दुसऱ्याच देशाचं नाव त्यांनी विक्रेतीला दाखवलं होतं. ती बिचारी कमरेत वाकून माफी मागत राहिली आणि नेत्राला कुठे तोंड लपवू असं झालं.

आज मात्र रिकाम्या हाताने परतून चालणार नव्हतं. भेट ओकादा-सानसाठी घ्यायची होती. उरायासू शहरात त्यांचं छोटंसं दुकान आहे आणि तिथे पुढच्या महिन्यापासून लक्ष्मणरावांच्या पुण्याच्या दुकानातले तांब्याचे पेले मांडायचं ठरलं होतं. ओकादा-सान यंत्रावर काढलेलं काही ठेवत नाहीत. या पेल्यांना त्यांनी होकार दिला तो नेत्राच्या शब्दावर. लेबलही नेत्रानेच हौसेने जपानीत लिहिलं होतं: 'हाताने मठारलेले पेले. कारागीर लक्ष्मणराव, पुणे.' सोमवारी ते छापायला जाणार होतं.

टेबलामागचा म्हातारा विक्रेता हळू आवाजात काहीतरी बोलला.

"ते म्हणतात, सगळे पेले त्यांनी स्वतः हातोडीने ठोकून मठारलेत," नेत्राने सांगितलं.

"सगळेच म्हणतात."

"मग कसं ओळखायचं?"

हा प्रश्न लक्ष्मणरावांना आवडला. त्यांनी पेला उजेडात धरला आणि हातोडीच्या ठोक्यांनी पडलेल्या खळग्यांवर नख टेकवलं. "हे बघ. इथे एक ठोका तिरका पडलाय. शेजारी दोन उथळ, मग एक खोल. साच्यातला माल असेल, तर तेरा ठोके गेले की हाच तिरका परत येतो. मोज माझ्याबरोबर."

दोघांनी मोजलं. तेरावा ठोका गेला, चौदावा आला, तो तिरका नव्हता. लक्ष्मणरावांनी पेला पूर्ण फिरवला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला. मागे एक जोडपं ताटकळत होतं, ते कंटाळून निघून गेलं. म्हाताऱ्याने न सांगता उरलेले पेलेही खोक्यातून काढून ओळीने पुढे ठेवले. सहाव्या पेल्यानंतर लक्ष्मणरावांनी चष्मा परत नाकावर घेतला. एकही ठोका दुसऱ्यासारखा नव्हता.

"खरे आहेत," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता.

"झालं एकदाचं," नेत्रा म्हणाली. "पण बाबा, बरोबर तेराच हे तुम्हाला कसं ठाऊक?"

लक्ष्मणरावांनी हातातला पेला जपून खाली ठेवला. तेरा हा आकडा त्यांचाच होता. अकरा वर्षांपूर्वी दुकानातले शेवटचे दोन तांबट थकून घरी बसले, तेव्हा त्यांनी भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून साचा करून घेतला. वर्कशॉपवाला पाच वेगवेगळ्या ठोक्यांत भागवत होता. पाच लगेच नजरेत येतात, तेरा कर, असं त्यांनीच बजावलं होतं. तेव्हापासून एकाही गिऱ्हाइकाने मोजले नव्हते. दुकानावरची 'हाताने मठारलेली भांडी' ही पाटी जुनीच राहिली आणि घरात कुणी विचारलं नाही. आता या परक्या म्हाताऱ्यासमोर त्यांना लाज वाटली. पकडलं कुणीच नव्हतं, तरी चांगलीच वाटली.

"सवयीने कळतं," ते एवढंच म्हणाले. "दोन बांधायला सांग."

म्हाताऱ्याने पेले कागदात गुंडाळले. ते देताना त्याने लक्ष्मणरावांकडे पाहून काहीतरी विचारलं आणि मान लववली. नेत्राचा चेहरा उजळला.

"ते विचारतायत, तुम्हीही तांबट आहात का? म्हणतात, असं नीट बघणारा माणूस त्यांना या धक्क्यावर पहिल्यांदाच भेटला. सांगते हं मी."

"थांब," लक्ष्मणराव म्हणाले. "दुकानदार आहे म्हणून सांग."

नेत्रा हसली. सासरे इथल्या लोकांसारखा विनय शिकले असं तिला वाटलं. "एवढा कमीपणा कशाला घेता, बाबा?"

"दुकानदारच सांग," ते पुन्हा म्हणाले. "आणि सोमवारी लेबलवरही तेच छाप."

नेत्राचं हसू विरलं. म्हातारा अजून उत्तरासाठी थांबला होता. दहा वर्षं जपानी बोलून नोकरी करणाऱ्या नेत्राला तो एक शब्द सांगायला बराच वेळ लागला.